उंदरांवर यशस्वी ठरलेली हार्ट फेल्युअरची जीन थेरपी थेट माणसांवर का वापरत नाहीत? मध्ये डुकरं कशाला?

प्रश्नाखाली तुम्ही असंही लिहिलंय की २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची कायदेशीर सक्ती काढली, आता ऑर्गनॉइड (बशीत पेशींपासून वाढवलेले अवयवांचे चिमुकले नमुने) आहेत, मग डुकरांवर पैसा का घालवायचा. सक्ती गेली, गरज गेलेली नाही. मी परळची पशुवैद्य. अमेरिकेत एका हृदयाच्या लॅबमध्ये डुकरांना भूल देण्याचं काम बरीच वर्षं केलं, त्यामुळे हा प्रश्न वाचून गप्प बसवेना.

उंदराचं हृदय मिनिटाला पाचसहाशे वेळा धडधडतं. प्रत्येक ठोक्यानंतर पेशीतलं कॅल्शियम आवरून परत साठ्यात भरायचं काम त्याच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सर्का नावाचा पंप करतो. माणसात हाच वाटा साधारण सत्तर टक्के. म्हणजे सर्काचं जीन टाकून उंदीर ठणठणीत झाला, तर त्यावरून तुमच्या वडिलांच्या हृदयाबद्दल फारसं काही सांगता येत नाही. शिवाय उंदीर पंचवीस-तीस ग्रॅमचा. जीन पेशीत पोचवायला निरुपद्रवी केलेला व्हायरस वापरतात; उंदराला पुरणारा व्हायरस चाळीस किलोच्या जनावरात कुठल्या कुठे जातो, आणि शिरेतून दिला तर बराचसा यकृतच गिळतं. डुकराचं हृदय आकाराने, ठोक्याने, कोरोनरी म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या मांडणीने आपल्याजवळचं. कुत्र्यात एक वाहिनी बंद झाली तर शेजारच्या वाहिन्या बऱ्यापैकी रक्त पुरवतात. डुकरात त्या जवळपास नसतातच. त्यामुळे हार्ट अटॅक आणायला त्या वाहिनीत छोटा फुगा फुगवून रक्त अडवलं की पलीकडचा स्नायू मरणार हे नक्की, आणि दर वेळी साधारण तेवढाच मरतो.

हा फुगा फुगवलेला तास-दीड तास म्हणजे माझं राज्य. कानाच्या शिरेत सुई, लय सांभाळणारं अमिओडॅरोन चालू, छाती आधीच भादरून पॅड चिकटवलेले, कारण डुकराचं हृदय रक्त तुटलं की फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे नुसतं थरथरत राहायला, टपलेलंच असतं. मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी झाली की शॉक. चुकून राहिलेले राठ केस जळल्याचा वास खोलीभर. काही जनावरं हातची जायची. त्या तासात गेलेली गेली, त्यांना औषध मिळालेलंच नसायचं, हिशेबात धरायचा प्रश्न नव्हता.

भांडण झालं ते नंतरच्या एकावरून. जीन देऊन कित्येक आठवडे झालेले, इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळ्यांत चांगला त्याचाच. रात्री खाणं चाटूनपुसून खाल्लं आणि सकाळी गोठ्यात मेलेलं. मीटिंगमध्ये आमचे कार्डिओलॉजिस्ट साहेब म्हणाले, डुकरं अशीच मरतात, ह्याला वगळा. मी म्हटलं, फुग्याच्या तासात अशी मरतात. जखम भरलेलं, पोटभर जेवलेलं जनावर असंच मरत नाही. बाकीच्यांच्या कातडीखाली ईसीजी रेकॉर्डर बसवा. आणि कोणाला काय दिलं हे इको करणाऱ्याला आधीच माहीत असतं, तेही थांबवा. उत्तर मिळालं, 'भूल हा तुमचा विषय, निष्कर्ष आमचा.' वर एक हसू, ढोरांच्या डॉक्टरकडे बघून हसतात तसलं. ते डुक्कर वगळलं गेलं. मी लेखकांच्या यादीतून माझं नाव काढून घेतलं.

मग २०१९ मध्ये 'नेचर'मध्ये इटलीतल्या गटाचा पेपर आला. हार्ट अटॅक दिलेल्या डुकरांच्या हृदयात मायक्रोआरएनए-१९९ए (इतर जीनवर ताबा ठेवणारा आरएनएचा छोटा तुकडा) बनवायला लावणारा व्हायरस टोचला. महिन्याभरात जखमेचा व्रण लहान, आकुंचन सुधारलेलं, सगळं झकास. पण ते जीन चालूच राहिलं आणि पुढे औषध मिळालेली बहुतेक डुकरं हृदयाची लय बिघडून अचानक मेली. हे त्यांनी लपवलं नाही, सारांशातच लिहिलं. महिन्यावर प्रयोग थांबवला असता तर तो निव्वळ यशाचा पेपर झाला असता! मी तो साहेबांना मेल केला. उत्तर नाही. बशीतल्या ऑर्गनॉइडला रात्री अचानक मरण येत नाही, एवढं ऑर्गनॉइडवाल्यांनी लक्षात घ्यावं.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणीतरी खाली येऊन सांगेलच. डुकरात पास म्हणजे माणसात पास असं नाही. सर्काचं जीन डुकरं आणि मेंढ्या दोन्हींत चाललं होतं. क्युपिड नावाच्या पहिल्या छोट्या चाचणीत ३९ रुग्णांत आशा वाटली, आणि २०१५ मध्ये २५० रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला तेव्हा फरक शून्य. ज्या थोड्या रुग्णांची हृदयं तपासता आली, त्यांत जीन पोचलंच होतं नाममात्र. शिवाय ह्या व्हायरसविरुद्धच्या अँटीबॉडी पुष्कळ माणसांच्या रक्तात आधीपासून असतात, डुकरांच्याही. म्हणून जनावर विकत घ्यायच्या आधी रक्त तपासायचं असतं. साधी फार्मवरची डुकरं तर प्रयोग संपेपर्यंत वजनाने दुप्पट होतात, हृदयही वाढतं, मग सुधारणा औषधाची की वयाची? गॉटिंगेन मिनिपिग ही लहानच राहणारी डुकरं महाग असतात, पण तीच घ्यावीत. २०२४ मध्ये युटा विद्यापीठातून सीबिन१ ह्या हृदयपेशींची रचना नीट ठेवणाऱ्या जीनचा निकाल आला, चारही डुकरं सहा महिने जगली म्हणून बातम्या झळकल्या. मलाही आनंद झाला. पण चार म्हणजे चारच.

तुम्ही ह्या क्षेत्रात शिरणार असाल तर (प्रश्नावरून तसं वाटतंय) भारतात मोठ्या जनावरांसाठी संस्थेच्या समितीवर भागत नाही, केंद्राच्या समितीची परवानगी लागते. तो वेळ धरून चाला. आणि लॅब निवडताना प्रमुखांना पहिल्याच भेटीत विचारा, कुठल्या जनावराला काय द्यायचं ह्या चिठ्ठ्या कोण काढतं, आणि मध्येच मेलेल्याचं शवविच्छेदन कोण करतं. दुसऱ्या प्रश्नाला 'पशुवैद्य' हे उत्तर आलं, तर पेपरवर त्याचं नाव असतं का, हेही विचारून घ्या.