गिझर खालून टिपकतोय

प्रश्न: दादा, आम्ही जुळे सोलापूरला राहतो, बोअरचं पाणी आहे. १५ लिटरचा गिझर आठ दिवस झाले खालनं टिपकतोय, रात्रीत पाव बादली भरते. नवीनच घ्यावा लागेल का?

उत्तर: ताई, लगेच नको. आधी एमसीबी, म्हणजे लाइटच्या बोर्डातला वीज तोडणारा खटका, पाडा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. मग फडक्यानं सगळं कोरडं पुसा आणि टॉर्च मारून बघा पहिला थेंब कुठनं येतोय. पाइपच्या जोडावर असेल तर कॉक बंद करून नट खोला, जुनी टेप खरवडून काढा, नवी टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनंच १०-१२ वेढे घट्ट गुंडाळा, वायसर चपटा झाला असेल तर तोही बदला. सेफ्टी व्हॉल्व्हमधनं फक्त तापताना टिपकत असेल तर घाबरू नका, पाणी तापलं की फुगतं, जादा प्रेशर तिथनं निघतं. पण गार असतानाही सारखं गळत असेल तर बहुतेक क्षार अडकलाय, बोअरच्या जड पाण्यानं होतंच ते, व्हॉल्व्ह बदला पण त्याचं तोंड कधीच बंद करू नका, प्रेशर कोंडून टाकी फुटू शकते, हे कळकळीनं सांगतो. आणि बॉडीतनं तांबूस पाणी येत असेल तर टाकी गंजलीय, मग मात्र नवीनच घ्या.