वाचकांचे प्रश्न : घरातला स्लॉट कार ट्रॅक, अ‍ॅनालॉग की डिजिटल?

सांगली, मिरज आणि तासगाव भागातून आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. ज्यांनी खेळण्यातल्या विजेच्या गाड्यांच्या शर्यतीचा हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की ट्रॅकच्या प्रत्येक लेनला मधोमध खाच असते आणि गाडीच्या पुढच्या बाजूखालची जीभ, म्हणजे गाईड, त्या खाचेत बसते. खाचेच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात, त्यांतून मोटरला वीज मिळते. हातातल्या कंट्रोलरचा खटका जितका दाबाल तितकी गाडी पळते. वळणावर खटका वेळेत सोडला नाही, तर गाडी खाचेतून उडते.

प्रश्न : हॉलमध्ये ८ बाय ४ फुटांचा एक प्लाय मावेल. खेळणारी दोनच मुलं आहेत, पाचवीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. अ‍ॅनालॉग घ्यावा की डिजिटल? (विश्रामबाग, सांगली)

अ‍ॅनालॉग घ्या. किती जण खेळणार आणि एक फेरी किती मीटरची होणार, या दोन गोष्टींवर हा निर्णय ठरतो. किंमत आणि खोक्यावरची चित्रं नंतर बघा.

अ‍ॅनालॉगमध्ये प्रत्येक लेनची वीज वेगळी असते. कंट्रोलर त्या लेनचा व्होल्टेज कमी-जास्त करतो, म्हणजे एका लेनवर एकच गाडी धावते. डिजिटलमध्ये पट्ट्यांत कायम पूर्ण व्होल्टेज असतो आणि त्याच पट्ट्यांतून संदेशही जातात. प्रत्येक गाडीतली चिप आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढा ओळखते. त्यामुळे स्कॅलेक्स्ट्रिक आणि कॅरेरा या दोन्ही कंपन्यांच्या डिजिटल ट्रॅकवर दोन लेनमध्ये सहापर्यंत गाड्या पळतात आणि बटण दाबून लेन बदलता येते. ओव्हरटेक करण्यातच डिजिटलची सगळी मजा आहे, आणि त्यासाठी लांबी लागते. तुमच्या प्लायवर ती मिळणार नाही.

हिशेब असा. स्कॅलेक्स्ट्रिकचा १/३२ मापाचा ट्रॅक १५६ मिमी रुंद असतो आणि सरळ तुकडा ३५० मिमी लांब. त्यांच्या दुसऱ्या त्रिज्येच्या, म्हणजे आर-२ वळणाची बाहेरची कड मध्यबिंदूपासून साधारण ४४८ मिमीवर येते. ४५ अंशांचे असे ८ तुकडे आणि ८ सरळ तुकडे (पॉवरबेस, म्हणजे अडॅप्टर आणि कंट्रोलर जिथे जोडतात तो तुकडा धरून) घेतले, की लंबगोल २२९६ बाय ८९६ मिमीचा होतो. प्लाय २४४० बाय १२२० मिमीचा असतो. म्हणजे टोकांना ७२ मिमी आणि बाजूंना १६२ मिमी मोकळी जागा उरते. ही जागा सोडाच, कारण वळणावर गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं आणि त्याला टेकायला सपाटी नसेल तर गाडी थेट फरशीवर जाते. आर-३ चं मोठं वळण घ्यायचा मोह होईल, पण त्याची रुंदी १२०८ मिमी भरते आणि ४ फुटांत कडेला बोटभरही जागा राहत नाही.

या ट्रॅकची एक फेरी मधल्या रेषेवर ५.१ मीटरची होते. चार डिजिटल गाड्या सोडल्यात तर प्रत्येकीच्या वाट्याला सव्वा मीटर रस्ता येईल आणि सारखी टक्कर होईल. दोन मुलांना दोन लेन पुरेशा आहेत.

एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर पहिल्याच संध्याकाळी भांडण होईल. दोन लेनमध्ये ७८ मिमी अंतर असतं, त्यामुळे बाहेरची लेन दर फेरीला सुमारे ४९ सेंमी जास्त लांब पडते. ट्रॅकला मध्ये कितीही नागमोडी वळणं दिली तरी, तो स्वतःला छेदून जात नाही तोवर हा फरक तेवढाच राहतो. आठच्या आकड्यासारखा ट्रॅक केला तर फरक मिटतो, पण त्याला पूल लागतो आणि चढ-उताराचे सरळ तुकडे ८ फुटांत जेमतेम बसतात. त्यापेक्षा शर्यत दोन भागांत घ्या. तीन मिनिटं एका लेनवर, मग लेन बदलून पुन्हा तीन मिनिटं, आणि दोन्ही वेळच्या फेऱ्यांची बेरीज करा.

पुढे डिजिटल करायची शक्यता वाटत असेल तर गाड्या घेताना खोक्यावर ‘डीपीआर’ लिहिलंय का ते बघा. अशा गाडीत चिप नंतर बसवता येते. स्कॅलेक्स्ट्रिकचे आत्ताचे तुकडे दोन्ही पद्धतींना चालतात, बदलावा लागतो तो पॉवरबेस, आणि लेन बदलणारे तुकडे नव्याने घालावे लागतात. चिप नसलेली गाडी मात्र डिजिटल ट्रॅकवर ठेवू नका. तिला थेट पूर्ण व्होल्टेज मिळतो, ती कुणाच्याच ताब्यात राहत नाही आणि मोटर जळू शकते.

प्रश्न : गच्चीवरच्या १४ बाय ७ फुटांच्या खोलीत आम्ही पाच मित्र मिळून डिजिटल ट्रॅक उभारतोय. लेन बदलणारे तुकडे किती लागतील? काय बिघडतं? (मिरज)

पाच जण आणि एवढी जागा, इथे डिजिटलच योग्य. फेरी १० ते १२ मीटरची आखा. लेन बदलणारे तुकडे निदान तीन ठेवा, त्यांतले दोन सरळ टप्प्यांवर आणि त्या टप्प्यांच्या सुरुवातीला. वळणाच्या तोंडाशी ठेवलात तर गाडी तिरकी होत असतानाच ब्रेक लावायची वेळ येते आणि दोघंही बाहेर जातात. उलट अगदी वळण संपताच ठेवलात, तर शेपूट अजून डोलत असतं, गाईड खाचेत तिरका असतो आणि खाचेतल्या, लेन बदलवणाऱ्या पात्याला अडकतो. वळणानंतर एक सरळ तुकडा सोडून पुढे बसवा.

गाडीखाली एक बारीक इन्फ्रारेड दिवा असतो आणि तुकड्यातला सेन्सर तो वाचून पातं फिरवतो. गाडी लेन बदलत नसेल तर हा क्रम पाळा. आधी गाडीखालचा दिवा आणि ट्रॅकमधलं सेन्सरचं भोक कोरड्या मऊ ब्रशने साफ करा. मग पातं बोटाने हलकं हलवून ते मोकळं आहे का पाहा, केस किंवा धागा अडकलेला असतो. त्यानंतर गाडी हळू चालवून बघा. हळू चालवताना लेन बदलते पण वेगात नाही, असं असेल तर दोष बहुतेक वेळा गाईडखालच्या, ट्रॅकमधून वीज घेणाऱ्या पट्ट्यांचा असतो. संपर्क क्षणभर तुटला की संदेशही तुटतो. अ‍ॅनालॉग गाडी असा धक्का वेगाच्या जोरावर निभावते, चिप निभावत नाही.

गच्चीवरच्या खोलीत आणखी दोन गोष्टी सांभाळा. खिडकीतलं थेट ऊन सेन्सरवर पडू देऊ नका, उन्हातही इन्फ्रारेड असतोच. आणि प्रत्येक तुकडा स्क्रूने घट्ट आवळू नका. सांगली-मिरजेच्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालची खोली तापते, प्लास्टिक प्रसरण पावतं आणि जागा नसली की सांध्यावर उचललं जातं. तीन-चार तुकड्यांमागे एक स्क्रू, तोही अर्धा फेरा सैल.

अडॅप्टर कंपनीचाच वापरा. व्होल्टेज जुळतो म्हणून बाजारातला दुसरा लावला आणि पॉवरबेस गेला, तर सगळा खेळ थांबतो.

प्रश्न : अ‍ॅनालॉग ट्रॅक आहे. पॉवरबेसजवळ गाडी छान पळते, पलीकडच्या टोकाला मंद होते. शिवाय एक गाडी उडाली की दुसरी एकदम सुसाट सुटते. (कुपवाड)

हे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला सांध्यांचा. पट्ट्या पोलादी असतात आणि वीज दर तुकड्याच्या सांध्यातून पुढे जाते. प्रत्येक सांधा थोडा व्होल्टेज खातो. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, ट्रॅकवर गाडी धरून ठेवलेली असताना (मागची चाकं हलकी टेकलेली आणि खटका निम्मा दाबलेला) पॉवरबेसपाशी आणि पलीकडे मोजा. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर जादा जोडणी द्या. साधारण दर ३ मीटरला एक पुरते.

प्लायखालून १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर ओढा. दोन लेनच्या चार वायरी लागतील. एका लेनला लाल-काळी, दुसरीला पिवळी-निळी, असे रंग ठरवूनच काम सुरू करा. तुकडा उलटा करून पट्टीची खालची बाजू पॉलिश पेपरने घासा, फ्लक्स लावा आणि तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने दोन-तीन सेकंदांत सोल्डर उरका, जास्त धरली तर प्लास्टिक वितळून खाच आवळते. ज्यांना सोल्डरिंग जमत नाही त्यांनी सांधे काढून, चिमट्याने पट्ट्यांच्या टोकांच्या जिभा किंचित दाबून घट्ट करावेत. त्यानेही बराच फरक पडतो. वीज चालू करण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन लेनमध्ये कुठे जोड लागत नाही ना, आणि उजवी-डावी पट्टी अदलाबदल झाली नाही ना, ते तपासा. ही चूक झाली तर शॉर्ट होतो.

दुसरा दोष अडॅप्टरचा. दोन्ही लेन एकाच लहान अडॅप्टरवर आहेत. दोन्ही गाड्या वीज ओढतात तेव्हा व्होल्टेज बसतो, आणि एक उडाली की तो एकदम वर येतो. पॉवरबेसमध्ये दोन अडॅप्टर लावायची सोय असेल तर दुसरा लावा. नसेल, तर प्रत्येक लेनला वेगळा रेग्युलेटेड पुरवठा द्या आणि लेनमागे २ अँपिअरचा फ्यूज घाला. मुलं लहान असतील तर १२ व्होल्टवर सुरुवात करा. कमी वेगात वळण घ्यायला हात लवकर शिकतो, आणि पहिल्या आठवड्यात आरसे-स्पॉयलर कमी मोडतात.

प्रश्न : प्लास्टिकऐवजी एमडीएफमध्ये खाच पाडून ट्रॅक करायचा आहे. मापं सांगा. (तासगाव)

काम कष्टाचं आहे, पण सांधे नसलेल्या ट्रॅकवर गाडी जशी सरकते तशी दुसरीकडे कुठेच नाही. अ‍ॅनालॉगसाठी जरूर करा. डिजिटलसाठी लेन बदलणारे भाग लाकडात बसवणं फार किचकट आहे.

एमडीएफ १२ मिमी जाडीचा घ्या. खाच ३ मिमी रुंद आणि ७ ते ८ मिमी खोल. दोन खाचांमध्ये ९० ते १०० मिमी अंतर आणि बाहेरच्या खाचेपासून कडेपर्यंत निदान तेवढंच. राऊटरला, म्हणजे लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राला, ३ मिमीचा सरळ बिट लावा आणि खोली दोन-तीन फेऱ्यांत गाठा, एकदम उतरवला तर बिट मोडतो. वळणांसाठी लवचिक प्लास्टिकची पट्टी बारीक खिळ्यांनी ठोकून राऊटर तिच्या कडेने फिरवा. वळण एका झटक्यात सुरू करू नका, पट्टी स्वतःहून जशी वाकते तसं तिला वाकू द्या. एमडीएफची धूळ फुप्फुसाला वाईट, मास्क लावूनच काम करा.

मग रंग. वरची बाजू, खालची बाजू, कडा आणि खाचेच्या आतसुद्धा प्रायमर हवाच. बरेच जण खालची बाजू सोडतात. जुलैत हवेतला ओलावा तिथून शिरतो, फळी फुगते, खाच आवळते, आणि उन्हाळ्यात बिनतक्रार धावणारी गाडी गाईड घासत चालते.

वीज वाहायला ६ मिमी रुंद चिकट तांब्याची पट्टी लावतात. प्रत्येक लेनला खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे १० मीटरच्या दोन लेनच्या ट्रॅकला ४० मीटर. चमच्याच्या पाठीने दाबत बसवा. जोड आला तर एकावर एक नुसती चिकटवू नका, सोल्डर करा, कारण खालचा गोंद बहुतेक वेळा वीज अडवतो.

तांब्याला चुंबक धरत नाही, हे विसरू नका. प्लास्टिक ट्रॅकवर गाडीखालचा चुंबक पोलादी पट्टीला ओढून धरतो, इथे ती पकड जाते आणि गाडी नाचते. चुंबक काढा, गाईडच्या मागे पितळेचं १० ते १५ ग्रॅम वजन चिकटवा आणि मागचे टायर बारीक पॉलिश पेपरवर फिरवून गोल करून घ्या. वजन शिशाचं नको, मुलांचे हात लागतात.

प्रश्न : घर नदीजवळ, तळमजल्यावर आहे. पावसाळ्यात ट्रॅक कसा ठेवावा? (गावभाग, सांगली)

२०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रॅक कायमचा जमिनीवर उभारू नका. १२ मिमीचा ८ बाय ४ चा प्लाय २३ किलोच्या आसपास भरतो, चौकट आणि ट्रॅक धरून ३५ किलो धरा. छताला झोपाळ्याच्या कड्या असतील तर चार दोऱ्या आणि कप्प्या लावून तो वर ओढून ठेवता येतो. दोरी खुंटीला बांधूनच सोडायची आणि वर असताना साखळीचा दुसरा आधार द्यायचा. पॉवरबेस, चिपच्या गाड्या आणि अडॅप्टर मात्र जूनमध्येच काढून माळ्यावर न्या.

एरवी दमट हवेनेच पट्ट्यांवर तांबूस डाग येतात. कोरड्या फडक्यावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब घेऊन पट्ट्या पुसून ठेवा. खेळण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते तेल पुसून काढा, नाहीतर टायर घसरतात. गंज घट्ट असेल तर हिरवा भांडी घासायचा स्क्रबर हलक्या हाताने. लोखंडी तारेची घासणी अजिबात नको. तिचे तुकडे चुंबकाला आणि मोटरला चिकटतात आणि शॉर्ट करतात.

प्रश्न : अमेरिकेतून भाच्याने सेट आणलाय. थेट लावू का? (मिरज)

आधी अडॅप्टरवर ‘इनपुट’ वाचा. १००–२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदला. नुसतं १२० असेल तर आपल्या २३० व्होल्टवर लावू नका, तो जळेल.

प्रश्न : काकांचा जुना स्कॅलेक्स्ट्रिक ट्रॅक मिळालाय. नव्या तुकड्यांशी जुळत नाही. (विटा)

जुन्या क्लासिक आणि नव्या स्पोर्ट तुकड्यांचे सांधे वेगळे आहेत. जोडायला रूपांतराचा तुकडा मिळतो. बंद फेरीत निदान दोन लागतात, एक जुन्यातून नव्यात जाताना आणि एक परत येताना.