वडील ६३, माइट्रल व्हॉल्व्ह (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप) सिव्हिअर लीक, ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर टाकतो) ६२, पण त्रास काहीच नाही. ऑपरेशन आत्ता करावं की थांबावं?

‘त्रास काहीच नाही’ हे कोण म्हणतंय, तुम्ही की वडील? आमच्या आईलाही ‘काहीच’ नव्हतं. ओल्या चादरी वाळत घालायचं काम गुपचूप माझ्याकडे आलं, का तर ‘तुझा हात पोचतो गं’. जेजुरीला सगळे गड चढले तेव्हा ती खाली थांबली. चपला-पिशव्या कोण सांभाळणार? डॉक्टरांनी दम लागतो का विचारलं की ‘छे!’. दम लागेल असं काम ती करतच नव्हती, मग लागणार कुठून?

तिचाही माइट्रलच. झडपेला धरणारी एक दोरी तुटलेली, लीक सिव्हिअर. सर्जन म्हणाले, दुरुस्त होण्यासारखी आहे, आत्ताच करू. त्यावर आमचे मोठे मामा: ‘चालतं-बोलतं माणूस टेबलावर कशाला घालायचं? ईएफ साठच्या वर आहे, नॉर्मल आहे.’ मामा बँकेतून रिटायर झालेत, पण घरात शब्द त्यांचाच शेवटचा.

या ईएफची गोम अशी की, लीक असताना बरंचसं रक्त उलटं वरच्या कप्प्यात जातं. तिथे दाब कमी, त्यामुळे हृदयाला रिकामं व्हायला सोपं पडतं आणि आकडा फुगून दिसतो. म्हणून या आजारात ६० म्हणजे धोक्याची रेघ. ईएफ ६० किंवा खाली आला, किंवा आकुंचनानंतरचं डाव्या कप्प्याचं माप (रिपोर्टात एलव्हीईएसडी) ४० मिमीला टेकलं, की त्रास नसला तरी ऑपरेशन, असं गाइडलाइनच सांगते.

आमच्याकडे आधी ‘दिवाळी होऊ दे’, मग ‘लग्नसराई होऊ दे’. पुढच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ५७ आणि एलव्हीईएसडी ४३. ऑपरेशन झालं, झडप झकास दुरुस्त झाली, पण ईएफ पन्नाशीच्या खाली गेला तो वर आलाच नाही. गोळ्या कायमच्या मागे लागल्या. मामा आजही पाहुण्यांना सांगतात, ‘ऑपरेशननंतरच तिची तब्येत उतरली.’

तुमचा ६२ बघून मला तरी थांबवत नाही. सर्जनला तोंडावर विचारा, अशा किती झडपा तुम्ही स्वतः दुरुस्त केल्यात? दुरुस्तीची खात्री ९५ टक्क्यांच्या वर आणि जिवाचा धोका एका टक्क्याच्या आत असेल तर वाट कसली बघायची? बदलावीच लागणार असेल तर मात्र हिशोब वेगळा. मेटलची झडप म्हणजे जन्मभर ॲसिट्रॉम (रक्त पातळ ठेवायची गोळी) आणि आयएनआर (तिचा डोस बघायची रक्ततपासणी). र्‍हुमॅटिक तापाने खराब झालेल्या झडपा दुरुस्तीला अवघडच असतात.

हो, हे सगळं सिव्हिअर लीकपुरतं. मॉडरेटला नुसती इको करत राहतात. एओर्टिक झडप (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली) अरुंद झाली असेल तर आकडेही वेगळे: ईएफ ५०च्या खाली, किंवा रक्ताचा वेग सेकंदाला ५ मीटर. तिथे डॉक्टर ट्रेडमिलवर चालवून बघतात, ‘काहीच नाही’चं खरंखोटं तिथेच कळतं. मी डॉक्टर नाही, शेवटचा शब्द तुमच्या कार्डिऑलॉजिस्टचा.

आणि घरात जो कोणी ‘बघू नंतर’ म्हणतोय, त्याला पुढच्या इकोला सोबत न्या. आमचे मामा एकदाही आले नव्हते.