कवड्या खंड्यातली कवडी

प्रश्न असा आहे: "बारामतीजवळ नीरा डाव्या कालव्याच्या भरावावरून सकाळी एकटाच चालत होतो. पाण्याच्या वर, दोन पुरुष उंचीवर, एक काळा-पांढरा पक्षी घिरट्या घालत होता. एकदम चोच खाली करून पाण्यात पडला आणि मासा घेऊनच वर आला. समोरून पाटकरी (कालव्याचं पाणी सोडणारे) येत होते, ते म्हणाले, 'कवड्या आहे तो.' पुस्तकात 'कवड्या धीवर' सापडलं. यात कवडीसारखं काय? आणि धीवर म्हणजे?"

धीवराचं उत्तर सोपं आहे. संस्कृतात धीवर म्हणजे मासे धरणारा कोळी. शकुंतलेची अंगठी माशाच्या पोटात ज्याला सापडली, तो धीवरच. पुस्तकांनी हा शब्द खंड्याच्या कुळाला दिला आणि तो शोभतोही, पण बांधावर कोणी 'धीवर' म्हणताना मी अजून ऐकलेलं नाही. तिथे खंड्याच.

कवडीची गोष्ट जास्त गमतीची आहे. संस्कृत कपर्दिका, तिची आपल्याकडे कवडी झाली. (कपर्द म्हणजे जटेचा वेढाही, म्हणून शंकर कपर्दी.) आता नुसती कवडी हातात घेतली तर ती पांढुरकी-पिवळसर दिसते, तिच्यात काळं काही नाही. पण आपल्या डोळ्यांपुढे कवडी सुटी येतच नाही. गोंधळ्याच्या गळ्यातली माळ आठवा, बैलाच्या गळ्यातला काळ्या गोंड्यांचा कवड्या ओवलेला पट्टा आठवा. गडद जमिनीवर पांढरे ठिपके, ही खरी 'कवडी'. कवड्या साप घ्या. बिनविषारी बिचारा, पण अंगावरच्या फिकट पट्ट्यांमुळे मण्यार समजून मारला जातो. तिकडे मण्यारीच्या नावात मणी, इकडे कवडी. साप पाहताना आपल्या माणसांना दागिने आठवतात, हे मला फार आवडतं. कुंपणावर बसणारा कवड्या गप्पीदास हा छोटा पक्षी तर नर असेल तर जवळजवळ सगळा काळा, पंखावर आणि शेपटीच्या बुडाशी तेवढं पांढरं. काळ्या घोंगडीवर एखाद-दोन कवड्या पडाव्यात तसा.

तुमच्या पक्ष्याची पाठ याच हिशेबाने पाहा: काळ्यावर पांढरं शिंपडलेलं. पोट पांढरं, छातीवर काळे पट्टे. नराला दोन, मादीला एकच आणि तोही मधे तुटलेला. पुढच्या वेळी तेवढं बघून ठेवा.

मग कबरा का नाही म्हटलं? कबऱ्या गाईचे ठिगळासारखे मोठे डाग डोळ्यांपुढे आणा. कबरा मोठ्या डागांचा, कवड्या बारीक नक्षीचा, असा भेद मला तरी बोलण्यात जाणवतो. शेवटचा '-या' म्हणजे 'ते असलेला', जसा चष्मा असलेला चष्म्या. पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्षी बघायला गर्दी होते खरी, पण ते गावाचं नाव आहे. तिथली कवडी या पाखराच्या अंगावर शोधू नका.

तुमच्या प्रश्नातला एक शब्द मात्र खटकला: घिरट्या. घिरट्या घारीच्या, गोल गोल. हा पक्षी तसा फिरत नाही, एका जागी पंख मारत अधांतरी थबकतो आणि तिथूनच सूर मारतो. त्याच्या कुळातला लाल चोचीचा, निळ्या पाठीचा भाऊ तारेवर बसून वाट बघतो, हा हवेतच बसतो म्हणा ना. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, बंद झालं की कालव्यात डबकी उरतात, पाणी निवळतं, तेव्हा हा खेळ निवांत बघायला मिळतो.

आता खरी अडचण, जी तुम्ही विचारलेली नाही. दोन दिसले तर काय म्हणायचं? 'दोन कवड्या दिसल्या' म्हटलं तर कोणाची तरी माळ तुटली असं वाटेल. वाटाड्याचं अनेकवचन वाटाडे, त्या नियमाने 'दोन कवडे दिसले' म्हणावं, तर ऐकणाऱ्याला कवडा म्हणजे होल्याच्या जातीचं पाखरू आठवणार. मी 'कवड्या खंड्याची जोडी दिसली' म्हणून सुटका करून घेतो. तीन दिसले तर काय, हे त्या पाटकऱ्यांनाच विचारा आणि मलाही कळवा.