इटालियनचं पहिलं वर्कबुक घेताना आधी शेवटची पानं उघडा

तुम्ही विचारलंय की क्लास नाही, शिक्षक नाही, एकटीनेच इटालियन सुरू करायचंय, तर बिगिनरसाठी वर्कबुक कुठलं घ्यावं आणि ते इंग्रजीतून समजावणारं असावं की पूर्ण इटालियनमधलं. मीही असाच क्लासशिवाय शिकलोय, म्हणून उत्तर देतोय. नावांची यादी मात्र मुद्दाम देत नाही, कारण एकाच नावाच्या पुस्तकाच्या नव्या-जुन्या आवृत्त्या फिरत असतात आणि आतला माल बदललेला असतो. हातात आलेलं कुठलंही पुस्तक पाच मिनिटांत कसं जोखायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे शेवटची पानं उघडा आणि उत्तरं आहेत का बघा. एकटं शिकणाऱ्याला उत्तरांशिवाय वर्कबुक म्हणजे नुसत्या रिकाम्या जागा, चूक तशीच पक्की होत जाते आणि सांगणारं कोणी नसतं. इटलीतल्या प्रकाशकांची बरीचशी पुस्तकं वर्गासाठी लिहिलेली असतात, त्यात एक लीब्रो देल्लो स्तुदेन्ते म्हणजे विद्यार्थ्याचं मुख्य पुस्तक आणि एक क्वादेर्नो देल्यी एझेर्चित्सी म्हणजे सरावाची वही, कधी एकत्र बांधलेली तर कधी वेगळी विकलेली, आणि उत्तरं काही वेळा शिक्षकांच्या गाईडमध्येच असतात. अशी वही सुटी घेतली तर अर्धे प्रश्न मुख्य पुस्तकातल्या संवादांवर असतात आणि तो संवाद तुमच्याकडे नसतो. मग एक तर जोडी घ्या, नाहीतर फक्त व्याकरणाचं स्वतंत्र वर्कबुक घ्या, ज्यात डाव्या पानावर नियम आणि उजव्या पानावर सराव अशी मांडणी असते. क्लास नसेल तर मला हे दुसरं बरं वाटतं.

दुसरं, आर्टिकलचा (इंग्रजीतल्या 'द'सारखा नामाआधी येणारा शब्द) धडा काढा. पुस्तकाची खरी परीक्षा इथे होते. वर मथळा 'लो' आणि खाली दहा रिकाम्या जागा, दहाही ठिकाणी 'लो'च भरायचं, असं असेल तर ते पुस्तक ठेवून द्या, कारण शब्द न वाचताही तो सराव पूर्ण होतो. चांगल्या पुस्तकात लीब्रो (पुस्तक), झाइनो (दप्तर), आमीको (मित्र), प्सिकोलोगो (मानसशास्त्रज्ञ) असे शब्द सरमिसळ दिलेले असतात, म्हणजे प्रत्येक शब्दाची सुरुवात बघावी लागते: ईल लीब्रो, पण लो झाइनो, लामीको, आणि लो प्सिकोलोगो. मग त्याच शब्दांचं अनेकवचन करायला सांगतात, ई लीब्री, ल्यी झाइनी, ल्यी आमीची, ल्यी प्सिकोलोजी, आणि तिथे लक्षात येतं की आमीकोतला क अनेकवचनात च झाला आणि प्सिकोलोगोतला ग ज झाला. एकाच सरावात तीन गोष्टी पक्क्या झाल्या. असं एक पान जरी नीट बनवलेलं दिसलं तरी लिहिणाऱ्याला शिकवण्याचा अनुभव आहे हे कळतं.

आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी स्वतःची दोन-चार वाक्यं लिहायला लावणारा एखादा तरी प्रश्न हवा. त्याचं उत्तर मागे मिळणार नाही, पण नुसतं गाळलेल्या जागा भरून कोणी बोलायला लागत नाही.

आता तुमचा इंग्रजी की इटालियन हा प्रश्न. पूर्ण इटालियन पुस्तकाला लोक उगाच घाबरतात. सूचनांमध्ये कोम्प्लेता (पूर्ण करा), लेज्जी (वाचा), आस्कोल्ता (ऐका), आब्बीना (जोड्या लावा), शेल्यी (निवडा), रिस्क्रीवी (पुन्हा लिहा) एवढेच शब्द फिरून फिरून येतात, पहिल्या दोन धड्यांत पाठ होतात. इंग्रजीतून समजावणारं पुस्तक सुरुवातीला सोपं जातं हे खरं, पण त्यात एक गंमत आहे. ते इंग्रजी बोलणाऱ्यांच्या अडचणी धरून लिहिलेलं असतं, आणि त्या अडचणी आपल्या नसतात. 'मि पियाचे'वर (मला आवडतं) तिथे पानंच्या पानं खर्ची पडतात, की आवडणारी वस्तू हाच कर्ता कसा. आपण लहानपणापासून मला पुस्तक आवडतं, मला पुस्तकं आवडतात असंच बोलतो, तसंच तिथे पियाचे आणि पियाच्चोनो. सोनो आन्दातो, सोनो आन्दाता हे आपलं मी गेलो, मी गेले. 'चिठ्ठी? वाचली मी' यात वाचणारा पुरुष असला तरी क्रियापद चिठ्ठीमुळे स्त्रीलिंगी होतं ना, इटालियनमध्येही 'तिला' या अर्थाचं सर्वनाम क्रियापदाआधी आलं की लेत्तोचं (वाचलं) लेत्ता (वाचली) होतं. विशेषण नामाप्रमाणे बदलणं, कर्ता गाळून नुसतं क्रियापद बोलणं, हे सगळं आपल्याला फुकटात मिळालंय. ती पानं भराभर उलटा.

आपल्याला घाम फोडतात ती आर्टिकल्स, कारण मराठीत ती नाहीतच, आणि त्याहून जास्त आर्टिकलला चिकटणारी प्रेपोझिशन्स, म्हणजे आपल्या -ला, -हून, -चा, -त, -वर यांचं काम करणारे छोटे शब्द. आ, दा, दी, इन, सु ही पाच, आणि आर्टिकलची रूपं सात (ईल, लो, ला, ल, ई, ल्यी, ले), म्हणजे ३५ खणांचा तक्ता होतो: देल, देल्लो, देल्ला, नेल, नेल्लो आणि पुढे. शिवाय देशात जायचं तर 'इन' इतालिया, शहरात 'आ' रोमा, डेंटिस्टकडे 'दाल' देन्तिस्ता. पुस्तक निवडताना या विषयाला किती पानं दिलीत ते मोजा, दोनच पानांत उरकलं असेल तर ते पुस्तक आपल्या कामाचं नाही.

लेव्हलचं थोडक्यात. कव्हरवर ए१ किंवा ए१-ए२ हवं, हे कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये आणलेल्या सहा पातळ्यांमधले पहिले टप्पे. पण कव्हरवर विश्वास ठेवू नका, अनुक्रमणिका बघा. वर्तमानकाळ, आर्टिकल्स, रिफ्लेक्सिव्ह क्रियापदं (स्वतःवरच होणारी क्रिया) आणि मग पास्सातो प्रोस्सिमो (बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ) असा क्रम असेल तर ठीक. मध्येच पास्सातो रेमोतो (मुख्यतः लिखाणातला भूतकाळ) आणि कोन्जुन्तीवोचे (शंका, इच्छा दाखवणारी क्रियापदाची रूपं) तक्ते दिसले तर ते संदर्भाचं व्याकरण आहे, वर 'बिगिनर' छापलेलं असलं तरी.

सेकंडहँड घेत असाल तर आकड्यांच्या धड्यात किमती कशात आहेत ते बघा, लिरांमध्ये (इटलीचं जुनं चलन) असतील तर पुस्तक २००२ च्या आधीचं, कारण त्या वर्षी युरोच्या नोटा आल्या. व्याकरण शिळं होत नाही, पण अशा पुस्तकाबरोबर कॅसेट असायची आणि ती आता कुठून आणणार.

उद्या परीक्षा द्यायची शक्यता असेल, म्हणजे सिएनाच्या परदेशी लोकांसाठीच्या विद्यापीठाची चिल्स, पेरूजाच्या तशाच विद्यापीठाची चेली किंवा दान्ते आलिग्येरी संस्थेची प्लिदा, तर सुरुवातीला त्यांची सराव पुस्तकं घेऊ नका. इटलीत दीर्घकालीन रहिवासाच्या परवान्याला ए२ आणि लग्नाच्या आधारे नागरिकत्वाला बी१ लागतं, तिथवर जायचं असलं तरी पाया आधी साध्या वर्कबुकवरच घालायचा, परीक्षेचा नमुना नंतर बघता येतो.

तर तुमच्यासाठी माझं मत: मागे उत्तरं असलेलं, पूर्ण इटालियनमधलं, ए१-ए२ चं व्याकरण वर्कबुक, आणि सोबत ऐकण्यासाठी काहीतरी वेगळं. पुस्तकाचा स्वतःचा ऑडिओ असेल तर विकत घ्यायच्या आधी प्रकाशकाच्या साईटवर जाऊन तो अजून उघडतो का ते तपासा, आणि त्यात नोनो (नववा) आणि नोन्नो (आजोबा) अशा जोड्या ऐकून लिहायचा सराव आहे का तेही बघा.