सांगलीत दुपारच्या जेवणाला बार्बेक्यू मिळेल का? पत्र्याच्या शेडमधल्या छोट्या जागी खावं का?

तुम्ही पुण्याहून कामासाठी येताय, दुपारी दीड-दोन तास मोकळे आहेत आणि टेबलात शेगडी बसवलेल्या बुफेचा कंटाळा आलाय, असं प्रश्नात लिहिलंय. मिळेल, आणि पत्र्याच्या शेडमध्येच मिळेल. फक्त बार्बेक्यू हा शब्द तिथं कुणी वापरत नाही. 'भाजलेलं काय हाय?' एवढं विचारायचं.

अडचण वेळेची आहे. आमच्याकडं शीग-कबाबाच्या शेगड्या बहुतेक दिवेलागणीनंतर पेटतात, दुपार ही रस्सा-भाकरीची. मी जातो ते हरिपूर रस्त्यावरचं हॉटेल त्यातलं वेगळं. नाव सांगता येत नाही, कारण पाटीवर 'हॉटेल' एवढंच उरलंय. पुढची अक्षरं २०१९ च्या पुरात गेली आणि मालकांनी परत रंगवली नाहीत. सगळे 'मामांकडं' म्हणतात. बाराच्या सुमाराला त्या रस्त्याला लागलात की धूर दिसेल, तिथं थांबा.

आत सहा टेबलं. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक निळी रेघ आहे, त्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं त्याची. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. नवीन माणूस आधी ती रेघ बघतो, मग मेन्यू शोधतो. मेन्यू नाही. चाप, कलेजी, शीग, भाकरी, रस्सा, संपलं.

गेल्या वर्षी आमच्या दाजींना घेऊन गेलो होतो. ते पुण्याचे. दारातच थबकले, म्हणाले, "इथं?" मी म्हटलं, "बसा तर दाजी." आणि मग चूक माझीच झाली. पाहुण्यासमोर मोठेपणा करायचा म्हणून सगळं एकदम सांगितलं. मामांनी एकदा विचारलं, "एकदम? थोडं थोडं घ्या की पावणं." मी कुठला ऐकतोय! चाप आली, शीग आली, दोन्हींत आम्ही रमलो, आणि कलेजी ताटलीत तशीच राहिली. हात लावला तेव्हा ती चपलेच्या तळासारखी झाली होती. दाजी काही बोलले नाहीत, लिंबू पिळत राहिले.

त्यानंतर मी शेगडीजवळचं टेबल धरतो आणि बघतो. बघण्यासारखं आहे ते. कोळसा पेटला की मामा लगेच काही चढवत नाहीत. ज्वाळा मरेपर्यंत, निखाऱ्यावर पांढरट राखेचा पापुद्रा येईपर्यंत पंखा बाजूला ठेवून बसतात. ज्वाळेवर मटण बाहेरून करपतं, आत कच्चं राहतं. निखाऱ्याची धग सारखी लागते. मग पहिल्यांदा चाप. तिची चरबी वितळून थेंब थेंब खाली पडते, चर्रर आवाज होतो, धूर उठतो आणि तोच परत मटणाला लागतो. भाजल्याचा म्हणून जो वास आपण म्हणतो, त्यातला मोठा वाटा या थेंबांचा. कलेजीत चरबी नसल्यातच जमा, त्यामुळं ती शेवटी, धग उतरल्यावर, जेमतेम दोन-तीन मिनिटं. बाहेर डाग पडले, आत अजून लुसलुशीत, की थेट हातात. टेबलावर जाऊन गप्पा मारायला वेळ नसतो.

मसाला विचारला तर मामा 'काय न्हाई, घरचाच' म्हणतात. पण पातेलं उघडं असतं, दिसतं सगळं: दही, आलं-लसूण, हळद, कांदा-लसूण मसाला आणि चापेला किंचित कच्ची पपई. पपई रात्रभर ठेवली तर मटणाचा लगदा होतो, म्हणून ती सकाळी लावतात. (हळदीबद्दल सांगलीकराला विचारू नका, जेवण थंड होईल.)

आता पत्र्याच्या शेडचं. साधी जागा म्हणजे चव भारीच असणार, हे काही मला पटत नाही. कळकट आणि बेचव अशा दोन्ही गोष्टी एकत्र असलेल्या जागा मी पुष्कळ पाहिल्यात. महामार्गावर एका ठिकाणी तर मला कालचं मटण गरम करून, वर कोळशाचा धूर देऊन वाढलं होतं. दुपारभर पोट धरून बसलो. म्हणून मी बाहेरचा रंग बघत नाही, तीन गोष्टी बघतो. कच्चं मटण झाकलेलं आहे का, भाकरी ऑर्डर दिल्यावर थापतात का, आणि जेवणाऱ्यांत गावातली माणसं किती. मामांकडं मागं मामी भाकरी थापत असतात, तो थपथप आवाज आला की आपली पाळी जवळ आली समजायचं.

तुम्ही साडेबाराच्या आत पोचा. दीडनंतर शेगडी विझत येते आणि मग रस्साच मिळतो, तोही वाईट नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार धरून या. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी आणि एकादशीला शेगडी पेटत नाही, त्या दिवशी पिठलं-भाकरी असते. श्रावणात तर कुलूपच.