सुडो लावायच्या आधी
अरे, लिनक्सवर स्क्रिप्ट चालवताना 'परमिशन डिनाइड' दिसलं की लगेच सुडो (रूट म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता म्हणून कमांड चालवणं) किंवा सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) कडे धावू नकोस. ७७७ दिलंस की मशीनवरचा कुणीही तुझी स्क्रिप्ट बदलू शकतो. आधी 'एलएस -एल' दे, त्यात फाइलच्या परवानग्या आणि मालक दिसतो. सुरुवातीला 'आरडब्ल्यू-' (वाचणं, लिहिणं) दिसलं तर फक्त एक्स, म्हणजे चालवायची परवानगी, नाहीये. 'सीएचमॉड यू+एक्स' (मालकाला एक्स) दिलंस की काम झालं. मालक रूट दिसला तर ती फाइल बहुधा सुडोनंच बनलीय, 'सुडो सीएचओन'नं स्वतःच्या नावावर कर, इथे मात्र सुडो लागतोच.

पेनड्राइव्हवरून चालवतोयस का? नवीन मुलं हमखास इथेच अडकतात. फॅट, एक्सफॅट या पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फाइल सिस्टिममध्ये लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत, सीएचमॉड कितीही दे. स्क्रिप्ट होममध्ये (तुझ्या स्वतःच्या फोल्डरमध्ये) कॉपी कर, तिथे एक्स दे. तरीही अडलं तर 'माउंट'च्या आउटपुटमध्ये 'नोएक्झेक' (त्या डिस्कवरून काही चालवायला बंदी) शोध.